मामांचा डोळा आणि निएप्सची खिडकी

मागच्या वर्षी वर्कशॉपमधले वेल्डिंग सेक्शनचे मामा रिटायर झाले. शाल-श्रीफळ तर सगळेच देतात, म्हणून आम्ही ठरवलं की मामांचा फोटो लेझर मशीनवर ३ मिमी प्लायवूडमध्ये कापून द्यायचा. काम सोपं वाटलं. फोटो इंकस्केपमध्ये टाकायचा, ट्रेस बिटमॅप मारायचं, आलेली आउटलाइन मशीनला द्यायची, झालं! प्रत्यक्षात पहिल्याच तुकड्यात मामांचा डावा डोळा सुटून मशीनच्या जाळीतून खाली पडला.

कारण अगदी साधं होतं. फोटोत राखाडीच्या २५६ छटा असतात, पण कापणाऱ्या लेझरला त्यातली एकही कळत नाही. कापायचं किंवा नाही कापायचं, बस्स. मग थ्रेशोल्ड ठरवावा लागतो. तो वर नेला की सावलीतला अर्धा गाल काळा होऊन जातो, खाली आणला की नाक गायब. त्यात चहूबाजूंनी कापलेल्या जागेत लाकडाचं एखादं बेट उरलं, तर त्याला धरून ठेवायला काहीच नसतं. डोळा पडला तो असा. पूल ठेवून पाहिले, पण मग मामा चष्मा लावल्यासारखे दिसायला लागले.

तीन प्लाय वाया गेल्यावर मी लायब्ररीतून फोटोग्राफीच्या इतिहासाचं एक पुस्तक आणलं आणि तिथे जोसेफ निसेफोर निएप्स हा माणूस भेटला. तोवर तो मला जनरल नॉलेजच्या एका मार्कापुरता माहीत होता : जगातला पहिला टिकलेला फोटो काढणारा. पण या गृहस्थाला नुसता फोटो नकोच होता. त्याला उजेडाकडून धातूचा ठसा कोरून घ्यायचा होता, म्हणजे त्यावर शाई लावून हव्या तितक्या प्रती छापता येतील. थोडक्यात, आमचाच प्रॉब्लेम, फक्त दोनशे वर्षं आधी.

निएप्सचा जन्म ७ मार्च १७६५ चा, फ्रान्समधल्या शालों-सुर-सोन गावचा. घरचा खाऊनपिऊन सुखी. राज्यक्रांतीच्या धामधुमीत काही काळ सैन्यात अधिकारी होता, पण तब्येत बिघडली आणि नोकरी सोडली. मग थोरला भाऊ क्लोद आणि हा, दोघेही गावी राहून शोध लावायच्या नादी लागले.

मेकॅनिकलवाल्यांनी इथे जरा नीट वाचा. या दोघा भावांनी अंतर्ज्वलन इंजिन बनवलं होतं, ओटोच्या कितीतरी आधी. नाव पिरेओलोफोर. इंधन म्हणून एका वनस्पतीच्या बीजाणूंची बारीक पूड वापरायची. हवेबरोबर ती आत फुंकली की भडका उडायचा आणि त्या दाबाने बोटीच्या मागच्या नळीतून पाणी बाहेर फेकलं जायचं. या इंजिनावर त्यांनी सोन नदीत प्रवाहाविरुद्ध बोट चालवली. २० जुलै १८०७ रोजी पेटंट मिळालं, त्यावर सही नेपोलियनची. आयसी इंजिनच्या अख्ख्या सेमिस्टरमध्ये हे नाव माझ्या कानावर आलं नव्हतं. असो.

पुढे फ्रान्समध्ये लिथोग्राफीची, म्हणजे दगडावरून चित्र छापायची, लाट आली. निएप्सलाही ते करून पाहायचं होतं, पण अडचण अशी की त्याला चित्र काढता येत नव्हतं. चित्रं मुलगा इझिदोर काढायचा आणि तो सैन्यात निघून गेला. मग निएप्सच्या डोक्यात आलं की चित्र उजेडालाच काढायला लावलं तर? १८१६ मध्ये त्याने चांदीच्या क्षाराचा लेप दिलेल्या कागदावर कॅमेऱ्यातून प्रतिमा मिळवली. पण ती उलटी, म्हणजे उजेड तिथे काळं, आणि बाहेर काढली की सगळा कागदच काळा होत जायचा.

नंतर त्याला बिटुमेन सापडलं. हे एक प्रकारचं नैसर्गिक डांबर. लव्हेंडरच्या तेलात विरघळवून त्याचा पातळ थर प्लेटवर द्यायचा. जिथे उजेड पडतो तिथे थर कडक होतो, जिथे पडत नाही तिथला तेलाने धुऊन जातो. मग उघड्या पडलेल्या धातूवर आम्ल सोडायचं, ते तेवढीच जागा खातं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हे ऐकल्यासारखं वाटत असेल. लॅबमध्ये पीसीबीवर फोटोरेझिस्ट लावून, उजेड दाखवून, फेरिक क्लोराइडमध्ये बुडवतो तेच हे.

१८२६ मध्ये त्याने कार्डिनल दाम्ब्वाज यांचं एक छापील चित्र घेतलं. कागद पारदर्शक करून तो लेप दिलेल्या प्लेटवर ठेवला आणि उन्हात धरला. पॅरिसच्या लमेत्र नावाच्या कारागिराने त्या प्लेटवरून छाप काढले आणि ते चांगले निघाले. म्हणजे हाताने रेघ न ओढता उजेडाने ठसा तयार झाला होता.

मग त्याने हाच लेप कॅमेऱ्यात घातला. सां-लू-द-वारेन गावातल्या घराच्या वरच्या खिडकीत कॅमेरा ठेवला, समोर छपरं आणि अंगण. साधारण १६ बाय २० सेंमीची जस्ती रंगाची प्युटर प्लेट. साल १८२६ की १८२७ यावर जाणकारांत वाद आहे. उजेड किती वेळ दिला, तर पूर्वी आठ तास सांगायचे, आता काही दिवस लागले असावेत असं मानतात. सूर्य तेवढ्या वेळात आभाळ ओलांडून गेला, म्हणून चित्रात दोन्ही बाजूंच्या भिंती उजळलेल्या दिसतात. हाच तो जगातला पहिला टिकलेला फोटो. पण या प्लेटवर आम्ल कधी सोडलं गेलं नाही. तिचा ठसा झाला नाही.

इथे माझी ट्यूब पेटली. कार्डिनलचं चित्र मुळात कारागिराने कोरलेलं होतं. त्यात राखाडी असा नव्हताच, सगळ्या सावल्या बारीक-जाड रेघांच्या. रेघ आहे किंवा नाही, हा हिशोब डांबराला आणि आम्लाला दोघांनाही कळतो. खिडकीतल्या दृश्यात मात्र खरी सावली होती, कमी-जास्त होत जाणारी. तिथे थर अर्धवट कडक होतो आणि आम्लाला अर्धवट काही कळत नाही.

घरची बाजू या काळात ढासळत चालली होती. क्लोद इंजिन विकायला इंग्लंडला गेला तो तिकडेच राहिला. तिथे त्याला न थांबता आपोआप चालणाऱ्या यंत्राचं वेड लागलं. तो आशेची पत्रं पाठवायचा आणि इकडून वडिलोपार्जित पैसा जात राहायचा. १८२७ मध्ये निएप्स लंडनजवळ क्यूला त्याला भेटायला गेला, तेव्हा भावाची बुद्धी ठिकाणावर नाही हे त्याला कळलं. त्याच फेरीत त्याने आपलं काम रॉयल सोसायटीपुढे न्यायचा प्रयत्न केला, पण कृती गुप्त ठेवायची होती म्हणून ते जमलं नाही. खिडकीची प्लेट तिथल्या फ्रान्सिस बाउअर या चित्रकाराकडे ठेवून तो परतला. १८२८ च्या फेब्रुवारीत क्लोद गेला.

१४ डिसेंबर १८२९ रोजी निएप्सने लुई दागेर याच्याशी दहा वर्षांचा भागीदारीचा करार केला. त्यातली चार वर्षंही त्याच्या वाट्याला आली नाहीत. ५ जुलै १८३३ रोजी तो गेला, तेव्हा घरावर कर्ज होतं. १८३९ मध्ये जगापुढे जी पद्धत आली तिचं नाव दागेरोटाइप. दागेरला चोर म्हणणं मला पटत नाही, त्याची चांदी-पाऱ्याची पद्धत खरोखर वेगळी आणि कितीतरी जलद होती. पण सरकारने पेन्शन दिली ती दागेरला वर्षाला ६००० फ्रँक आणि इझिदोरला ४०००, आणि नाव मात्र एकाचंच राहिलं.

खिडकीची प्लेट पुढे विस्मरणात गेली. १९५२ मध्ये हेल्मुट गर्नशाइम या अभ्यासकाने ती एका ट्रंकेतून शोधून काढली. १९६३ पासून ती अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात आहे.

आम्ही चौथा प्लाय घेतला तेव्हा ट्रेस बिटमॅपचा नाद सोडला. मामांचा फोटो आडव्या पट्ट्यांत विभागला. जिथे सावली तिथे फट जाड, जिथे उजेड तिथे फट बारीक होत होत संपते. प्रत्येक फट स्वतंत्र, दोन फटींमधली पट्टी दोन्ही टोकांना फ्रेमला धरलेली, त्यामुळे कुठलंच बेट सुटत नाही. मागे काळा कागद लावला. जवळून नुसत्या रेघा, दहा फुटांवरून मामा, दोन्ही डोळ्यांसकट.

निरोपाच्या दिवशी मामांनी ती फ्रेम हातात घेतली, लगेच उलटी केली, काळा कागद थोडा सोडवून जळलेल्या कडांवरून अंगठा फिरवला आणि स्पीड किती ठेवला होता ते विचारलं.