बेंजामिन फ्रँकलिन आणि जवळ-लांबचे दोन नंबर

चाळिशी ओलांडली की जवळचे अक्षर धूसर होऊ लागते. वयानुसार डोळ्यातील नैसर्गिक भिंग कडक होते आणि जवळचे पाहताना त्याचा आकार पुरेसा बदलत नाही. आधीपासून लांबचा नंबर असलेल्यांना मग दोन चष्मे सांभाळावे लागतात. अमेरिकेचे मुत्सद्दी व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनाही हा त्रास होता.

फ्रँकलिन यांचा जन्म १७०६ मध्ये बोस्टन येथे, मेणबत्त्या व साबण बनवणाऱ्याच्या घरी झाला. बाराव्या वर्षी ते भावाच्या छापखान्यात उमेदवारी करू लागले. १७२३ मध्ये ते फिलाडेल्फियाला पळून गेले व पुढे तेथेच स्वतःचा छापखाना काढला. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे हे सगळे जवळच्या नजरेचे काम. पुढे त्यांनी विजेवर प्रयोग केले, तसेच १७५१ मध्ये पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलच्या स्थापनेत पुढाकार घेतला.

१७७६ च्या अखेरीस, सत्तरीत, ते अमेरिकेसाठी मदत मिळवायला फ्रान्सला गेले. तेथे जेवणाच्या मेजावर ताटातले पाहायला एक चष्मा लागे, तर समोरच्याचा चेहरा पाहायला दुसरा. बोलणाऱ्याचे ओठ दिसले की त्यांना फ्रेंच अधिक समजे. म्हणून त्यांनी दोन्ही भिंगे अर्धी कापून एकाच चौकटीत बसवून घेतली: वर लांबचा नंबर, खाली जवळचा. १७८५ च्या एका पत्रात त्यांनी याचे वर्णन केले आहे. बायफोकल चष्म्याचे श्रेय सहसा त्यांनाच दिले जाते. १७८७ मध्ये, ८१ व्या वर्षी, ते राज्यघटना परिषदेत सहभागी झाले. १७९० मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांची युक्ती चालते, कारण चष्मा स्थिर असतो आणि नजर खाली-वर जाते. कॉन्टॅक्ट लेन्स मात्र डोळ्याबरोबर फिरते. म्हणून तिथे वेगळे उपाय आहेत:

• बायफोकल कडक लेन्स: खाली पाहताना खालची पापणी लेन्सला वर सरकवते आणि जवळचा भाग बाहुलीसमोर येतो.

• मल्टिफोकल लेन्स: दोन्ही नंबर एकाच वेळी बाहुलीसमोर असतात, मेंदू हवी ती प्रतिमा निवडायला शिकतो. रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात.

• मोनोव्हिजन: एका डोळ्याला लांबचा नंबर, दुसऱ्याला जवळचा. यात अंतराचा अंदाज थोडा कमी होतो.

• लांबच्या नंबरची लेन्स आणि वाचताना वरून चष्मा: हा सर्वांत सोपा मार्ग.

कोणती लेन्स मानवेल हे काही दिवस वापरून पाहिल्यावरच कळते. सवय होईपर्यंत रात्री वाहन चालवणे टाळा. लेन्सला पाणी लावू नका आणि ती घालून झोपू नका. डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधूक दिसू लागले, तर लेन्स लगेच काढा आणि नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

तपासणीला जाताना आपण दिवसभर किती अंतरावर काम करता, हे डॉक्टरांना जरूर सांगा. लेन्सची निवड त्यावरच ठरते.