लाकडी स्कीवर धडपडला आणि पोकरच्या पैशांतून कारखाना काढला : ‘हेड’वाल्या हॉवर्ड हेडची गोष्ट

टेनिस बघत असाल तर जोकोविचच्या रॅकेटवर ‘हेड’ हे नाव तुम्ही नक्की पाहिलं असेल. अनेकांना वाटतं की हेड म्हणजे इंग्रजीतलं डोकं, कंपनीने आपलं भारी नाव म्हणून ठेवलं असणार. पण तसं नाहीये. हेड हे एका माणसाचं आडनाव आहे. आणि या माणसाने कंपनी काढली तीसुद्धा टेनिससाठी नाही, तर बर्फावरून घसरायच्या स्कीसाठी.

आज स्की विकत किंवा भाड्याने घेताना पहिला प्रश्न असतो की डोंगरावर मिळेल त्या बर्फावर चालेल अशी एकच स्की कोणती? या प्रश्नावर या माणसाने आयुष्याची वीसेक वर्षं घालवली. त्याने तो किती सोडवला आणि कुठे अडकला, तेच बघूया.

पत्रकार व्हायचं होतं, झाला रिव्हेट मारणारा कामगार

हॉवर्ड हेडचा जन्म ३१ जुलै १९१४ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. १९३६ मध्ये तो हार्वर्डमधून इंजिनिअरिंग सायन्स शिकून बाहेर पडला. पण डोक्यात वेड लिखाणाचं होतं. त्याने बातम्यांच्या क्षेत्रात नोकऱ्या धरल्या, पण एकही टिकली नाही. शेवटी त्याने एक कलचाचणी दिली. तिचा निकाल असा लागला की वस्तूची रचना डोळ्यासमोर उभी करण्यात हा गडी फार हुशार आहे.

मग तो बाल्टिमोरमधल्या ग्लेन मार्टिन या विमान कंपनीत लागला. सुरुवात रिव्हेट मारण्यापासून केली आणि पुढे इंजिनिअर झाला. दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. विमान जितकं हलकं तितकं चांगलं, म्हणून तिथे धातूचं सँडविच वापरलं जायचं. वर-खाली अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि मध्ये मधाच्या पोळ्यासारखा हलका गाभा. वजन कमी आणि ताकद भरपूर. हे सँडविच हॉवर्डच्या डोक्यात पक्कं बसलं.

१९४७ ची ती सहल

१९४७ मध्ये हॉवर्ड व्हरमाँट राज्यातल्या स्टो इथे पहिल्यांदा स्की करायला गेला आणि सपशेल आपटला. पण दोष स्वतःला द्यायच्या ऐवजी त्याने पायाखालच्या लाकडाला दिला. विमानं धातूची झाली तरी माणसं अजून लाकडाच्या लांब, जड फळ्यांवर घसरतायत, हे त्याला पटेना. परतीच्या ट्रेनमध्येच त्याने ठरवलं की विमानाच्या सामानातून यापेक्षा चांगली स्की बनवता येईल.

पैसे कुठून आणले? तर हॉवर्ड पोकर चांगला खेळायचा. जिंकलेले सुमारे ६ हजार डॉलर त्याने बाजूला ठेवले होते, ते या कामात घातले. १९४८ च्या सुरुवातीला त्याने नोकरीही सोडली.

सगळ्या जोड्या मोडल्या

पहिल्या स्की बनवायची पद्धत ऐकून हसू येईल. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि गाभा गोंदाने चिकटवायचे, ते रबरी पिशवीत घालून हवा काढून घ्यायची आणि जुन्या इंजिन ऑईलने भरलेल्या तापत्या टाकीत बुडवायचं. अशा सहा जोड्या घेऊन तो पुन्हा स्टोला गेला. तिथल्या प्रशिक्षकांनी त्या वाकवून बघितल्या आणि सगळ्या मोडल्या.

इथून पुढे तीन हिवाळे एकच उद्योग चालला. हॉवर्ड नवीन जोडी बनवायचा, प्रशिक्षक ती बर्फावर नेऊन मोडायचे आणि हॉवर्ड तुकडे बघून दुरुस्ती करायचा. असे चाळीसच्या आसपास प्रकार करून झाले. पण प्रत्येक मोडतोडीने त्याला बर्फाबद्दल काहीतरी नवीन शिकवलं.

पहिला धडा गाभ्याचा. पोळ्यासारखा गाभा विमानाला चालतो, पण स्की दर सेकंदाला वाकते आणि सरळ होते. त्यात तो तुटायचा. म्हणून आत प्लायवूड आलं.

दुसरा धडा कडांचा. कडक बर्फावर वळायचं तर स्कीची कड बर्फात रुतली पाहिजे. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, त्याची धार लगेच जाते. म्हणून पोलादी कडा आल्या.

तिसरा धडा तळाचा. उघड्या धातूला बर्फ चिकटून बसायचा आणि स्की जागेवरच अडायची. म्हणून खाली प्लास्टिकचा थर आला.

आता गंमत बघा. हॉवर्डला मुळात हलकी स्की बनवायची होती. पण प्लायवूड, पोलाद आणि प्लास्टिक घातल्यावर वजन वाढलं. तरीही १९५० मध्ये तयार झालेली स्की लाकडी स्कीपेक्षा कितीतरी सहज वळत होती. असं का?

वाकायचं, पण पीळ पडू द्यायचा नाही

याचं उत्तर समजलं की आजचीही कुठलीही स्की तुम्हाला कळेल.

लाकडी फळी वळताना दोन गोष्टी करते. ती लांबीत वाकते आणि तिला पीळही पडतो. वाकणं चांगलं, कारण वाकलेली स्की बर्फावर कमान धरते आणि त्याच कमानीवरून वळते. भुसभुशीत बर्फात टोक वर राहायलाही तेच उपयोगी पडतं. पण पीळ पडला की टोकाकडची आणि शेपटीकडची कड बर्फावरून सुटते आणि माणूस घसरतो.

धातूच्या सँडविचने या दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. हॉवर्डची स्की लांबीत मऊ होती, पण पीळ पडायला कडक होती. त्यामुळे ती ताज्या मऊ बर्फातही तरंगायची आणि दाबून घट्ट केलेल्या उतारावरही पकड धरायची. नवशिक्या लोकांना वळणं इतकी सोपी झाली की जुने खेळाडू या स्कीला चीटर्स, म्हणजे लबाडीच्या स्की, म्हणायला लागले.

पहिल्या हंगामात जेमतेम ३०० जोड्या खपल्या. किंमत लाकडी स्कीपेक्षा बरीच जास्त होती. पण मोडत नाही आणि लवकर शिकता येतं, हे कळल्यावर लोक पैसे मोजायला तयार झाले. १९६० च्या दशकात हेड हा अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या स्की ब्रँडपैकी एक झाला होता.

मग अडलं कुठे?

अडलं ते काचेसारख्या बर्फावर. शर्यतीचा उतार मुद्दाम कडक केलेला असतो. तिथे वेगात धातूची स्की थरथरायची आणि थरथरली की कड सुटायची. पुढे हेडने शर्यतीच्या स्कीमध्ये थरथर शोषणारा रबराचा थर घातला आणि फरकही पडला.

तोवर बाजारात फायबरग्लास आलं होतं. ते धातूपेक्षा कमी थरथरायचं आणि हवं तसं घडवता यायचं. युरोपातल्या कंपन्या तिकडे वळल्या. हॉवर्डने मात्र तीन हिवाळे खपून धातू सिद्ध केला होता. ज्या गोष्टीने आपल्याला मोठं केलं तिच्यावरून हात काढणं त्याला जड गेलं आणि त्याची कंपनी फायबरग्लासकडे उशिरा वळली. १९६८ च्या ग्रेनोबल ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकणाऱ्या जाँ-क्लोद किलीशी हेडने करार केला आणि त्याच्या नावाने आलेल्या स्कीमध्ये धातूबरोबर फायबरग्लासही होतं.

१९६९ मध्ये हॉवर्डने कंपनी एएमएफ या बड्या उद्योगाला १.६ कोटी डॉलरला विकली. कंपनी गेली आणि आडनावही तिच्यासोबत गेलं.

टेनिसमध्ये पुन्हा तीच गोष्ट

रिकामा झालेला हॉवर्ड टेनिस शिकायला लागला आणि तिथेही खेळ यथातथाच होता. पुन्हा दोष अवजाराला! चेंडू रॅकेटच्या मधोमध लागला नाही की रॅकेट हातात फिरते, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणजे इथेही दुखणं पिळाचंच होतं. प्रिन्स या कंपनीत राहून त्याने मोठ्या तोंडाची रॅकेट बनवली आणि १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. आधी लोक हसले. पण १९७८ मध्ये १६ वर्षांची पॅम श्रायव्हर तीच रॅकेट घेऊन यूएस ओपनच्या फायनलमध्ये पोहोचली. ती ख्रिस एव्हर्टकडून हरली, पण रॅकेट जिंकली. १९८२ मध्ये प्रिन्स ६.२ कोटी डॉलरला विकली गेली.

मार्च १९९१ मध्ये वयाच्या ७६ व्या वर्षी हॉवर्ड हेडचं निधन झालं. त्यानंतर काही वर्षांतच कमरेत बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद असलेल्या स्कीने बाजार पालटून टाकला. ते बघायला तो नव्हता.

आज स्की निवडताना हे लक्षात ठेवा

ऑल-माउंटन म्हणून विकल्या जाणाऱ्या आजच्या अनेक स्कीमध्ये लाकडाचा गाभा, फायबरग्लास आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे असे तिन्ही थर असतात. म्हणजे हॉवर्डचा धातू आणि त्याला नकोसं वाटलेलं फायबरग्लास एकाच स्कीत नांदतायत.

गुलमर्गला गेलात तर खालच्या उतारावर दाबलेला बर्फ आणि वर अफरवाटकडे खोल भुसभुशीत बर्फ, असे दोन्ही प्रकार भेटतात. मग स्की कशी बघायची?

- पायाखालची रुंदी बघा. अरुंद स्की कडक बर्फावर पटकन कड बदलते, रुंद स्की मऊ बर्फात वर तरंगते. मिश्र बर्फासाठी साधारण ८५ ते १०० मिलिमीटरमधली स्की घेतात.
- धातू किती आहे ते विचारा. धातू जास्त असेल तर वेगात स्थिरता मिळते, पण पायात जोर लागतो. नवशिक्यांनी मऊ स्की घ्यावी.
- टोक थोडं आधीपासूनच वर उचललेलं असेल तर ताज्या बर्फात स्की रुतत नाही.
- भाड्याची स्की असेल तर पोलादी कडेवरून नख घासून बघा. नख खरवडलं गेलं नाही तर धार गेलेली आहे. दुसरी जोडी मागा.
- आणि सगळ्यात आधी बूट नीट बसतो का ते बघा. बूट ढिला असेल तर कितीही भारी स्की असली तरी तुमचं ऐकणार नाही.

सगळ्या बर्फावर सारखीच चालणारी स्की हॉवर्ड हेडलाही बनवता आली नाही आणि आजही कुणी बनवलेली नाही. त्यामुळे दुकानदार काहीही सांगो, तुम्ही जास्त वेळ कुठल्या बर्फावर असणार आहात ते आधी ठरवा आणि मगच स्की निवडा.