सेवाव्रती रमाबाई रानडे

पाथर्डीसारख्या गावी एखाद्या दहा-बारा वर्षांच्या मुलास मधुमेह झाला, तर डॉक्टरांचे निदान हा उपचाराचा केवळ आरंभ असतो. मुलांच्या मधुमेहात बहुधा शरीरात इन्सुलिन तयार होईनासे होते. म्हणून ते रोज टोचून घ्यावे लागते. सुई कशी टोचावी, रक्ताच्या थेंबावरून साखर कशी तपासावी, हातपाय कापून घाम फुटला तर त्वरित साखर कशी द्यावी, हे सारे त्या मुलास व त्याच्या आईस धीराने शिकवते ती परिचारिका. परंतु एके काळी प्रतिष्ठित घरच्या स्त्रीने परक्या रोग्याची शुश्रूषा करणे कमीपणाचे मानले जाई. हा समज दूर करण्यासाठी ज्या झटल्या, त्या रमाबाई रानडे.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. मुलींना शिकवण्याची त्या घरी चाल नव्हती. १८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने त्यांना स्वतः शिकवण्यास आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे रुचले नाही. रमाबाईंनी त्यांची बोलणी मुकाट्याने सोसली. पण अभ्यास सोडला नाही.

१९०१ साली न्यायमूर्ती निवर्तले. मुंबईहून पुण्यास आलेल्या रमाबाईंनी आपले दुःख बाजूला सारून दुसऱ्यांच्या दुःखाकडे लक्ष वळवले. तुरुंगातील स्त्रियांना त्या भेटत. रुग्णालयात फळे-फुले घेऊन जात. १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापन झाले. पुढे १९११ च्या सुमारास संस्थेतील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. त्यांत कित्येक बालविधवा होत्या. ज्यांना घरी कोपऱ्यात बसावे लागे, त्या आता रोग्यांचा आधार होऊ लागल्या.

लोकांचा उपहास मात्र लगेच थांबला नाही. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात एक तरुण विधवा पारितोषिक घेण्यास व्यासपीठावर गेली. तिचा वेष पाहून सज्जातील विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. समारोपास उठलेल्या रमाबाई एरवी अत्यंत शांत. परंतु त्या दिवशी त्यांनी त्या विद्यार्थ्यांची अशी कडक कानउघाडणी केली की सारी सभा स्तब्ध झाली.

रमाबाईंनी हे कार्य आरंभिले तेव्हा इन्सुलिनचा शोध लागला नव्हता. मधुमेह झालेले मूल फार काळ जगत नसे. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे १४ वर्षांच्या एका मुलास इन्सुलिन प्रथम टोचण्यात आले. औषध सापडले; तरी ते नेमक्या मापाने देणारे आणि भ्यालेल्या बालकाला धीर देणारे हात हवेच होते. महाराष्ट्रात असे हात घडवण्याचे काम रमाबाईंनी तोवर सुरू केलेले होते.

१९२४ साली रमाबाईंचे निधन झाले. मुलांनो, रुग्णालयात परिचारिका दिसली, तर तिला आदराने नमस्कार करा. तो मान तिला सहजासहजी मिळालेला नाही.