मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (१५ सप्टेंबर १८६१ – एप्रिल १९६२) हे भारतीय स्थापत्य अभियंते, प्रशासक, म्हैसूर संस्थानाचे दिवाण आणि नियोजनबद्ध औद्योगिकीकरणाचे पुरस्कर्ते होते. कर्नाटकात त्यांचे नाव कृष्णराजसागर धरणाशी जोडले जाते. तथापि त्यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्यात झाले आणि नोकरीची पहिली सुमारे चोवीस वर्षे मुंबई इलाख्यात गेली. त्या सेवेचा आरंभ नाशिक येथे झाला. खडकवासला धरणाच्या सांडव्यावर त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे हे त्यांच्या या काळातील सर्वांत प्रसिद्ध काम होय. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला. त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

जन्म व शिक्षण

विश्वेश्वरय्यांचा जन्म तत्कालीन म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या गावी एका तेलुगू भाषक ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील श्रीनिवास शास्त्री हे संस्कृतचे पंडित होते. विश्वेश्वरय्यांच्या शालेय वयातच त्यांचे निधन झाल्याने घरची परिस्थिती बेताची झाली. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना ते शिकवण्या करून आपला खर्च भागवीत. बी. ए. झाल्यानंतर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात (आजचे अभियांत्रिकी महाविद्यालय) दाखल झाले. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या अंतिम परीक्षेत इलाख्यात पहिले येऊन त्यांनी जेम्स बर्कले पारितोषिक मिळविले. परीक्षेत वरचा क्रमांक मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला सरकारी नोकरी मिळण्याची त्या वेळी सोय होती, आणि तिच्यामुळेच हा कानडी मुलखातील तरुण मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात आला.

नाशिक व खानदेश

१८८४ मध्ये साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची पहिली नेमणूक नाशिक जिल्ह्यात झाली. तेथील वास्तव्य अल्पकाळाचे होते. लवकरच त्यांना खानदेशात पाठविण्यात आले आणि धुळ्याजवळच्या पांझरा नदीच्या खोऱ्यात त्यांची पहिली खरी कसोटी लागली. दातर्ती येथे कालव्याचे पाणी पात्राच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेण्यासाठी नळांचा सायफन टाकावयाचा होता. काम चालू असतानाच पावसाळा आला. पुराबरोबर येणारी वाळू नळांत आणि खोदलेल्या चरांत साचू लागली. काम पावसाळ्यानंतर करावे असे त्यांनी वरिष्ठांना कळविले. वरिष्ठांना ती टाळाटाळ वाटली. तेव्हा त्यांनी ते काम अंगावर घेतले आणि भर पावसाळ्यातच पूर्ण केले. हिवतापाने पछाडलेल्या त्या भागात नव्या अधिकाऱ्याने एवढ्या हट्टाने काम तडीस नेल्यामुळे वरिष्ठांचे मतही बदलले. धुळे शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामातही त्यांचा सहभाग होता.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी, म्हणजे आजच्या धुळे व नाशिक जिल्ह्यांत, बंधाऱ्यांवर चालणारी फड पद्धत फार जुनी आहे. गावाच्या शिवाराचे फड पाडावयाचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, पीक दरवर्षी पुढच्या फडात सरकवावयाचे आणि पाण्याच्या पाळ्या पाटकऱ्याने सांभाळावयाच्या, असा तिचा रिवाज. विश्वेश्वरय्यांनी पुढे नीरा कालव्यावर आणलेली ब्लॉक पद्धत हिच्याशी अनेक बाबतींत जुळते. दोन्ही पद्धती पाहिलेल्या अभ्यासकाला हे साम्य दुर्लक्षिता येत नाही.

सिंधपासून पुण्यापर्यंत

१८९४-९५ मध्ये सिंधमधील सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. सिंधू नदीचे पाणी गढूळ, आणि गाळण तलाव बांधण्याइतकी नगरपालिकेची ऐपत नव्हती. त्यांनी नदीपात्रातील वाळूतच विहीर घेतली. वाळूतून झिरपून येणारे स्वच्छ पाणी तेथून टेकडीवरच्या टाकीत चढविण्यात आले. कमी खर्चात स्थानिक साधनांवर भागविण्याची त्यांची वृत्ती येथे प्रथम ठळकपणे दिसते. यानंतर सुरत येथे काम करून ते पुण्यात आले. १८९८ मध्ये त्यांनी जपानचा प्रवास केला. तेथील उद्योग आणि तंत्रशिक्षण यांचा त्यांच्या विचारांवर कायमचा ठसा उमटला. पुण्यात न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले यांच्या वर्तुळाशी त्यांचा निकटचा संबंध होता. डेक्कन क्लबच्या स्थापनेतही त्यांनी पुढाकार घेतला.

१८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांनंतर दख्खनमधील कालव्यांचा प्रश्न ऐरणीवर आला होता. पाणी मुबलक असते तेव्हा कालव्याच्या तोंडाकडचे बागायतदार उसाला वाटेल तितके पाणी घेत. शेपटाकडच्या शेतकऱ्यांची पिके मात्र वाळत, आणि वरच्या जमिनी अति पाण्याने चिबड होत. विश्वेश्वरय्यांच्या योजनेत प्रत्येक गावाला ठरावीक क्षेत्राचे ब्लॉक देऊन त्यात उसासारखे बारमाही पीक, भात किंवा हंगामी बागायत आणि कोरडवाहू पीक असा तीन वर्षांचा फेर होता. पाणी ठरावीक दिवसांच्या पाळीने मिळावयाचे होते. आपला ऊस कमी होणार या भीतीने बागायतदारांनी आरंभी विरोध केला. तेव्हा विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांच्या भेटी घेऊन योजना समजावून दिली. पुढे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांवरही ब्लॉकची व्यवस्था रूढ झाली. नाशिक जिल्ह्यातील दारणा धरण व नांदूर मधमेश्वर बंधारा यांच्या पाण्यावर अहमदनगर जिल्ह्यात उसाचे मळे वाढले ते याच व्यवस्थेखाली.

खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे

पुणे शहर, लष्कर आणि मुठा कालवे यांना पाणी देणारे खडकवासला धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले होते. त्याचा जलाशय फाइफ तलाव या नावाने ओळखला जाई. पावसाळ्यात सांडव्यावरून पुष्कळ पाणी वाया जाई आणि उन्हाळ्यात तुटवडा पडे. साठा वाढविण्यासाठी दरवर्षी सांडव्याच्या माथ्यावर मातीचा तात्पुरता बांध घालीत. मोठा पूर आला की तो वाहून जाई. धरणाची भिंत उंच करणे खर्चाचे होते आणि जुन्या बांधकामावर त्यामुळे जादा भार पडला असता.

सांडव्यावर दरवाजे बसविणे हा उघड उपाय होता. अडचण होती ती दरवाजे उघडावयाचे कोणी आणि केव्हा, याची. ही अडचण समजण्यासाठी हाताने वजन उचलण्याच्या साधनांची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. कारखान्यात किंवा धरणावर वापरल्या जाणाऱ्या चेन पुली ब्लॉकमध्ये हाताची साखळी ओढली की दातेरी चाकांमार्फत भाराची साखळी थोडीशी वर सरकते. हाताची कित्येक हात साखळी ओढावी तेव्हा भार वीतभर उचलला जातो. म्हणूनच एका माणसाच्या जोराने टनावारी वजन उचलता येते, आणि साखळी सोडली तरी आतला ब्रेक भार जागच्या जागी धरून ठेवतो. मात्र वेग अतिशय कमी असतो. पाण्याच्या दाबाखालील दरवाजा उचलताना केवळ त्याचे वजन पेलून भागत नाही. पाणी दरवाजाला खाचांवर दाबून धरते, त्या घर्षणावरही मात करावी लागते. ते घर्षण दरवाजाच्या वजनापेक्षा अधिकही असू शकते.

अशा साधनाचे नियम आजही तेच आहेत. ठरविलेल्या क्षमतेपेक्षा अधिक भार लावू नये. आकडा टोकावर न अडकविता त्याच्या पोटात भार बसवावा. साखळीला पीळ असता कामा नये. कडी ताणून लांबलेली, झिजलेली किंवा गंजलेली दिसली तर साखळी बदलावी, वेल्डिंग करून भागवू नये. साखळीला तेल द्यावे, पण ब्रेकच्या चकत्यांना ते लागू देऊ नये. ओढताना एकाएकी जड लागले तर दुसरा माणूस जोडीला घेऊन जोर लावावयाचा नसतो. थांबून काय अडकले ते पाहावयाचे असते. उचललेल्या भाराखाली कोणीही उभे राहू नये. पुराच्या रात्री, पावसात, कंदिलाच्या उजेडात, ओळीने असलेले अनेक दरवाजे उचलणाऱ्या मजुरांकडून हे सारे पाळले जाईल अशी खात्री कोणता अभियंता देऊ शकेल? एक दरवाजा वेळेवर न उघडला तर पाणी धरणाच्या माथ्यावरून जाण्याचा धोका होता.

विश्वेश्वरय्यांनी माणसाचा हातच या कामातून काढून घेतला. दरवाजांचे गट करून त्यांना कप्प्यांवरून नेलेल्या साखळदंडांनी प्रतिभारांशी जोडण्यात आले. पाणी पूर्ण संचय पातळीपर्यंत असेपर्यंत तोल असा राहतो की दरवाजे बंद राहतात. त्यावर पाणी चढले की ते प्रतिभाराच्या विहिरीत शिरते, तोल बदलतो आणि दरवाजे आपोआप उघडतात. पूर ओसरला की विहिरीतील पाणी निघून जाते आणि दरवाजे पुन्हा मिटतात. या रचनेमुळे मूळ सांडव्याच्या वर सुमारे ८ फूट पाणी अडविता आले आणि साठ्यात सुमारे एक चतुर्थांश भर पडली. १९०३ मध्ये हे दरवाजे बसविले गेले. विश्वेश्वरय्यांनी रचनेचे पेटंट घेतले होते, परंतु स्वतः ज्या खात्यात नोकरीस होते त्याच्या कामावर स्वामित्वधन घेणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. पुढे ग्वाल्हेरजवळील तिग्रा धरणावर व कृष्णराजसागरावर याच तत्त्वाचे दरवाजे बसविण्यात आले.

स्वयंचलित या शब्दामुळे देखभाल नको असा समज होतो, तो चुकीचा आहे. कप्पीचा आस गंजला, साखळदंड झिजला किंवा विहिरीत पाणी येण्याची वाट गाळाने बुजली, तर तोल बदलूनही दरवाजा हलत नाही. पावसाळ्यापूर्वीची तपासणी आणि वंगण यांवाचून ही रचना निरुपयोगी ठरते.

मुंबई इलाख्यातील अखेरची वर्षे

१९०४ मध्ये ते मुंबई सरकारचे आरोग्य अभियंता झाले. इलाख्यातील अनेक शहरांच्या पाणीपुरवठा व सांडपाणी योजना त्यांच्या हाताखालून गेल्या. त्या काळी मुंबई इलाख्यातच मोडणाऱ्या एडन बंदरासाठीही त्यांनी १९०६ मध्ये योजना तयार केली. अधीक्षक अभियंता या पदापर्यंत ते पोहोचले. मुख्य अभियंत्याचे पद मात्र भारतीयाला मिळण्याची शक्यता नव्हती. अशा स्थितीत पेन्शनला आवश्यक सेवा पूर्ण होण्याआधीच त्यांनी नोकरी सोडण्याचे ठरविले. सरकारने अपवाद करून त्यांना निवृत्तिवेतन दिले.

हैदराबाद व म्हैसूर

सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबाद शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. निजाम सरकारने त्यांना सल्लागार म्हणून बोलाविले. शहराच्या वरच्या बाजूस पूर अडविणारे जलाशय बांधावेत, या त्यांच्या शिफारशीतून पुढे उस्मानसागर व हिमायतसागर उभे राहिले.

नोव्हेंबर १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले. मद्रास सरकारच्या हरकतीमुळे आरंभी कमी उंचीला मान्यता मिळाली होती. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र पुढील पूर्ण उंचीच्या हिशोबाने घातला. सिमेंटऐवजी चुना-सुरखीचे मिश्रण वापरलेले हे १३० फूट उंचीचे धरण १९३० नंतर पूर्ण झाले. मंड्या परिसरातील ओलिताने लक्षावधी लोकांची स्थिती पालटली. कन्नंबाडीसारखी गावे पाण्याखाली गेली, हेही त्याच कामाचे अंग आहे. विश्वेश्वरय्यांच्या गौरवपर चरित्रांत त्याचा उल्लेख ओझरता असतो.

१९१२ ते १९१८ या काळात ते दिवाण होते. म्हैसूर बँक (१९१३), म्हैसूर विद्यापीठ (१९१६), भद्रावतीच्या लोखंड कारखान्याचा पाया ही त्या काळातील प्रमुख कामे होत. १९१५ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना राखीव प्रमाण देण्याच्या प्रश्नावर त्यांचे महाराजांशी मतभेद झाले. नेमणुका केवळ गुणवत्तेवर व्हाव्यात असा त्यांचा आग्रह होता. शिक्षणाची दारेच ज्यांना बंद होती, त्यांना गुणवत्ता सिद्ध करण्याची संधी कोठून मिळणार, या आक्षेपाला त्या भूमिकेत समाधानकारक उत्तर नव्हते. या मतभेदानंतर त्यांनी पद सोडले.

उत्तरायुष्य

१९२० मध्ये पुनर्रचनेवरील व १९३४ मध्ये भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवरील त्यांचे इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाले. खेड्यांतील हस्तोद्योगांवर भर देणाऱ्या गांधीजींच्या विचारांशी त्यांचे जुळले नाही. मोठे कारखाने आणि तंत्रशिक्षण यांवाचून दारिद्र्य हटणार नाही, या मतावर ते अखेरपर्यंत ठाम राहिले. भारतीय मोटार कारखान्याची योजना त्यांनी मांडली आणि त्यासाठी उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्याशी सहकार्य केले. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे साखर कारखाना उभारणारे वालचंद ते हेच. १९५१ मध्ये त्यांच्या आठवणींचे पुस्तक निघाले.

१२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळील पानशेत धरण फुटले. धरणाची कामे अपुरी असतानाच त्यात पाणी अडविण्यात आले होते. त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही फोडले आणि पुण्यात अतोनात हानी झाली. ज्या धरणाचा साठा विश्वेश्वरय्यांनी सुमारे सहा दशकांपूर्वी वाढविला होता, ते त्यांच्या हयातीतच फुटले. पुढे खडकवासला धरणाची पुनर्बांधणी झाली.

एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे विश्वेश्वरय्यांचे निधन झाले. त्यांची समाधी मुद्देनहळ्ळी येथे आहे. नागपूर येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागातील धरणांच्या व दरवाजांच्या संकल्पचित्रांचे काम करणारी मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना, तसेच १९५९ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, या दोन्ही संस्था त्यांच्या पहिल्या नेमणुकीच्या नाशिक शहरातच आहेत.