नरसीचे नामदेव

नांदेड जिल्ह्यातील नायगावापासून थोड्याच अंतरावर नरसी नावाचे गाव आहे. तेथे रस्ते एकमेकांस मिळतात आणि वाटसरूंची सदैव वर्दळ असते. संत नामदेवांची नरसी ती हीच, असा एखाद्याचा समज होण्याचा संभव आहे. पण नामदेवांची नरसी निराळी. ती हिंगोली जिल्ह्यात, कयाधू नदीच्या काठी वसली आहे. पूर्वी तिला नरसी बामणी म्हणत. आता नरसी नामदेव म्हणतात. एका शिंप्याचे नाव गावाने धारण करावे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

नामदेवांचा जन्म शके 1192, म्हणजे इसवी सन 1270 मध्ये, कार्तिक शुद्ध एकादशीस झाला. वडिलांचे नाव दामाशेटी व आईचे गोणाई. काही अभ्यासक त्यांचे जन्मस्थान पंढरपूर मानतात. परंतु घराण्याचे मूळ गाव म्हणून परंपरा नरसीकडेच बोट दाखविते. नामदेवांचे बालपण मात्र पंढरपुरात गेले.

दामाशेटी शिंपी होते. कापड विकावे व कपडे शिवावेत, हा त्यांचा कुळधर्म. शिवणयंत्र येण्यास अद्याप पाचशे वर्षांहून अधिक काळ लागणार होता. त्यामुळे प्रत्येक टाका हातानेच घालावयाचा. शिंप्याच्या घरातील मूल अक्षरांच्या आधी सुई ओळखते, आणि त्याला पहिला धडा मिळतो तो शिवण्याचा नव्हे, जपण्याचा. उजेडाकडे तोंड करून बसावे, तेव्हाच सुईत दोरा ओवावा. कापडाखालचे बोट नेमके कोठे आहे, हे कळल्यावाचून सुई दाबू नये. जाड कापड शिवताना बोटात अंगुस्तान घालावे. दुसरे काम हाती घेताना सुई ओठांत धरू नये, की बैठकीवर टाकू नये. ती चिंध्यांच्या गोळ्यात टोचून ठेवावी, आणि तिच्यात दोऱ्याचा तुकडा ओवलेला असू द्यावा. म्हणजे चुकून खाली पडली तरी दोऱ्यावरून सापडते. कात्री दुसऱ्याच्या हाती देताना पाती मिटवून मुठीची बाजू पुढे करावी. सुई मोडली, तर तिचे दोन्ही तुकडे हाती लागेपर्यंत कोणी अनवाणी फिरू नये. दिवेलागणीस काम आवरताना सुया मोजून ठेवण्याची रीत याच सावधपणातून आली. लहान भावंडे रांगतात त्याच जमिनीवर शिंप्याचा कारखाना असतो, हे विसरून कसे चालेल?

मग धावदोरा, टीप आणि तुरपाई. धावदोरा जलद होतो. पण ओढला की निघून येतो. टीप सावकाश होते. कारण प्रत्येक टाक्याला सुई थोडी मागे येऊन पुन्हा पुढे जाते. ती शिवण टिकते. उत्तम शिवणीची खूण अशी, की दोन तुकडे घट्ट जोडले जावेत आणि दोरा मात्र दिसू नये.

असा हा सावधपणाचा व्यवसाय, आणि मुलाचे सारे लक्ष विठ्ठलाच्या देवळाकडे! दामाशेटींनी एकदा नामदेवांना कापड देऊन बाजारास पाठविले, अशी एक कथा सांगतात. बाजारात नामदेव भजनात रमले. गिऱ्हाईक आले नाही. परतताना त्यांनी वाटेवरच्या धोंड्यांनाच कापड नेसविले, एका धोंड्याला जामीन धरले आणि पैशांचा वायदा घेऊन ते घरी आले. कथेचा शेवट चमत्काराने गोड होतो. परंतु चमत्कार रोज घडत नाहीत, आणि चूल मात्र रोज पेटवावी लागते. नामदेवांचा विवाह राजाईशी झाला. नारा, विठा, गोंदा व महादा हे चार मुलगे आणि लिंबाई ही मुलगी झाली. गंगाखेडची जनाबाई लहानपणी या घरी आली, ती कायमचीच. तीही त्याच चुलीवरची. हातातील सुई थांबली की इतक्या माणसांचे काय होणार?

गोणाईने मुलाला बोल लावला. राजाईने विठ्ठलालाच दोष दिला. त्याच्यामुळे आपला संसार उघडा पडला, असे तिचे गाऱ्हाणे होते. नामदेवांच्या नावावरील गाथेत सासूसुनेच्या या तक्रारी अभंगरूपाने आल्या आहेत. संतांच्या चरित्रात अशा स्त्रियांना आडमुठ्या ठरविणे सोपे असते. पण घरातले पीठ संपले हे प्रथम त्यांनाच कळत होते. नामदेवांच्या गाथेने ही गाऱ्हाणी झाकून ठेवली नाहीत, हे विशेष होय.

पुढे ज्ञानेश्वर, निवृत्तिनाथ, सोपान व मुक्ताबाई यांच्याशी नामदेवांची भेट झाली. ज्ञानेश्वरांहून ते वयाने मोठे. विठ्ठलाचा लाडका म्हणून त्यांची ख्याती झालेली. तेर या गावी गोरोबा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने एक प्रश्न काढला. मडकी पक्की कोणती व कच्ची कोणती, हे गोरोबाकाकांना कळते. तर येथे बसलेल्यांत कच्चे कोण? गोरोबा थापटणे घेऊन उठले व एकेकाच्या डोक्यावर हलकेच थापटू लागले. सारे स्वस्थ राहिले. नामदेवांनी मात्र कुरकुर केली, आणि गोरोबांनी निकाल दिला, की हे मडके कच्चे आहे.

भर सभेत झालेला हा अपमान नामदेवांच्या जिव्हारी लागला. ते रडत पंढरपुरास गेले. पण रागावून घरी बसले नाहीत. आपल्या भक्तीत काही उणे आहे, हे त्यांनी मनाशी कबूल केले व ते गुरूच्या शोधात निघाले. औंढा नागनाथ येथे त्यांना विसोबा खेचर भेटले, असे परंपरा सांगते. विसोबा चक्क शिवपिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. नामदेवांनी त्यांना पाय काढावयास सांगितले, तेव्हा जेथे देव नाही तेथे ते तूच उचलून ठेव, असे उत्तर मिळाले. नामदेव पाय उचलून जेथे ठेवीत, तेथे त्यांना पिंडीच दिसे. पंढरीच्या देवळातला देव देवळाबाहेरही आहे, हे या शिंप्याला औंढ्यास उमगले.

ज्ञानेश्वरांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली. 1296 मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली, तेव्हा नामदेव तेथे होते. आदी, तीर्थावळी व समाधी या अभंगप्रकरणांत ज्ञानेश्वरांचे चरित्र त्यांनीच गायिले. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली, आणि पुढे बावीस वर्षांच्या आत यादवांचे राज्य लयास गेले. राज्य मोडत होते. तरी पंढरीच्या वाळवंटात कुंभार, माळी, सोनार, शिंपी, महार हे एकत्र जमून कीर्तन करीत होते. 1338 मध्ये मंगळवेढ्यास गावकूस बांधताना भिंत कोसळून संत चोखामेळा मजुरांसह तिच्याखाली गाडले गेले. ज्यांना जिवंतपणी देवळाचा उंबरठा ओलांडू दिला नव्हता, त्या चोखोबांच्या अस्थी शोधावयास नामदेव स्वतः गेले. त्यांनी त्या पंढरपुरास आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी केली.

जातीचा काच खुद्द नामदेवांनाही चुकला नव्हता. आपल्याला हीन कुळातला म्हणून देवळातून उठविले, हे त्यांनी एका पदात सांगितले आहे. ते देवळामागे जाऊन भजन करू लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे त्या पदात पुढे येते. औंढ्याचे लोक ही कथा आपल्या मंदिराची म्हणून सांगतात.

आयुष्याच्या उत्तरार्धात नामदेव उत्तरेस गेले व बरीच वर्षे पंजाबात राहिले. भाषा वेगळी, अन्न वेगळे, थंडी कडाक्याची. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्याने पुनीत झाले. ते तेथील लोकांच्या भाषेत पदे रचू लागले, आणि घरी मागे पडलेला व्यवसाय तेथे त्यांच्या वाणीत परत आला. एका पदात मापाचा गज, कात्री, सुई आणि दोरा ही शिंप्याची सारी हत्यारे त्यांनी नामस्मरणाच्या कामास लावली आहेत. कापणे व शिवणे ज्याने हाताने केले आहे, त्यालाच असे पद सुचावे.

शके 1272, म्हणजे 1350 मध्ये, ऐंशीव्या वर्षी नामदेवांनी पंढरपुरास देह ठेवला. घुमानचे लोक त्यांची अखेर आपल्याच गावी झाली असे मानतात. पंढरपुरात विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराशी त्यांची पायरी आहे. येणाऱ्याजाणाऱ्या भक्तांची पायधूळ आपल्याला लागावी, अशी त्यांची इच्छा होती. वारकरी त्या पायरीस नमस्कार करूनच आत जातात.

1604 मध्ये शिखांचे पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला. पुढे गुरुग्रंथसाहेब म्हणून पूज्य झालेल्या या ग्रंथात नामदेवांची 61 पदे आहेत. दहावे गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये गोदावरीकाठी नांदेडास आले. आपल्यानंतर ग्रंथालाच गुरू मानावे, अशी आज्ञा त्यांनी तेथे केली आणि तेथेच देह ठेवला. पंजाबात गेलेली नामदेवांची वाणी अशी नरसीच्या शेजारच्या मुलखात परत आली. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात ग्रंथाचे वाचन होते, तेव्हा ती पदे तेथे वाचली जातात. गज, कात्री, सुई आणि दोरा यांचे पदही त्यांत आहे.