गावाच्या हाती कारभार देणारे बलवंतराय

मैत्रिणींनो, मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्या तालुक्यात ग्रामपंचायतीच्या नव्या महिला सदस्यांचं शिबिर होतं. मी बचत गटाचं काम करते, म्हणून मलाही बोलायला बोलावलं होतं. बहुतेक जणी नवऱ्याबरोबर आल्या होत्या. नवरे मागच्या बाकांवर, बायका पुढे. तेवढ्यात एक सदस्या धीर करून उठली. गावाला ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती आणि जिल्ह्याला झेडपी, ही उतरंड कुणी रचली, असं तिनं विचारलं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे, सरकारनं!

मी बीएला राज्यशास्त्र घेतलं होतं. बलवंतराय मेहता समितीवर पाच मार्कांची टीप पाठ करून लिहिली होती. पण हे बलवंतराय कोण, कुठले, ते तेव्हा जाणून घेतलं नव्हतं. त्या बाईच्या प्रश्नानं लाज वाटली आणि घरी येऊन वाचायला घेतलं.

बलवंतराय मूळचे सौराष्ट्रातल्या भावनगरचे. विसावं शतक उजाडता उजाडता त्यांचा जन्म झाला. बीएपर्यंत शिकले, पण परक्या सरकारच्या हातून पदवी घ्यायची नाही म्हणून ती नाकारली. आपण मुलांच्या सर्टिफिकेटची लॅमिनेशन करून ठेवतो, म्हणून मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं. 1920 साली ते असहकार चळवळीत उतरले. भावनगर हे संस्थान, म्हणजे तिथे राजाचं राज्य. तिथे प्रजेलाही काही हक्क असतात हे सांगायला त्यांनी प्रजामंडळ उभं केलं. बारडोलीच्या सत्याग्रहात होते, 1942 च्या लढ्यातही तुरुंगात गेले. आयुष्याची जवळजवळ सात वर्षं त्यांनी तुरुंगात काढली.

देश स्वतंत्र झाला. दिल्लीत सरकार बसलं, राज्याराज्यांत मंत्री आले. पण खेड्याचं काय? राज्यघटनेत कलम 40 मध्ये ग्रामपंचायती स्थापन कराव्यात असं लिहिलं गेलं, पण ते मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. म्हणजे सरकारनं तसं करावं ही अपेक्षा, सक्ती नाही. 2 ऑक्टोबर 1952 ला समुदाय विकास योजना सुरू झाली. साहेब जीपमधून येत, विहीर-रस्ता-शाळेच्या योजना सांगत. गावकरी ऐकत, मान डोलावत आणि घरी जात. योजना सरकारची, गावाचं त्यात काय?

हे असं का होतंय, ते शोधायला 1957 च्या जानेवारीत एक समिती नेमली. अध्यक्ष होते बलवंतराय. तेव्हा ते लोकसभेत खासदार होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी अहवाल दिला. त्याचं सार आपल्या घरच्या भाषेत सांगायचं तर असं: सुनेला स्वयंपाकघर सांभाळायला सांगायचं आणि किल्ल्या मात्र सासूनं कमरेला ठेवायच्या, तर सुनेला त्या घराविषयी आपलेपणा कसा वाटणार? लोकांना जबाबदारी द्यायची तर अधिकारही द्या, पैसाही द्या. त्यासाठी तीन पायऱ्या सुचवल्या. गावाला निवडलेली पंचायत, गटाला पंचायत समिती आणि जिल्ह्याला जिल्हा परिषद. खरी ताकद मधल्या पायरीवर, पंचायत समितीकडे. तिला शेतसाऱ्यातला वाटाही मिळावा, असं त्यांनी मांडलं.

2 ऑक्टोबर 1959 ला राजस्थानात नागौर इथे पंडित नेहरूंच्या हस्ते या पंचायत राजची सुरुवात झाली. आपल्या महाराष्ट्रानं मात्र डोळे झाकून नक्कल केली नाही. वसंतराव नाईक समितीनं जिल्हा परिषदेला बळकट केलं आणि 1 मे 1962 ला झेडपी आल्या. बलवंतरायांच्या समितीनं जिल्हा परिषदेचा अध्यक्ष कलेक्टर असावा असं सुचवलं होतं. आपण कलेक्टरला बाहेर ठेवलं आणि लोकांनी निवडलेला अध्यक्ष बसवला.

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. पंचायतीत दोन बायका असाव्यात, असं या समितीनं सुचवलं होतं. पण कशा? निवडून आलेल्या नव्हे, तर स्वीकृत, म्हणजे बाकीच्यांनी बोलावून घेतलेल्या. बायका-मुलांच्या कामाची आवड असलेल्या. वाचताना मला आनंदही झाला आणि टोचलंही. त्या काळात बाईची आठवण ठेवली, हे खरंच. पण बोलावून घेतलेली बाई पाहुणी असते. पाहुणी कधी हिशेबाची वही मागत नाही. रस्ता, पाणी, पैसा यांवर बोलायला तिला कुणी बोलावलेलंच नसतं.

1963 च्या सप्टेंबरात बलवंतराय गुजरातचे मुख्यमंत्री झाले. बरोबर दोन वर्षांनी, 19 सप्टेंबर 1965 ला, युद्ध चालू असताना ते विमानानं कच्छकडे निघाले होते. पाकिस्तानी लढाऊ विमानानं त्यांचं विमान पाडलं. विमानातले सगळे गेले. त्यांत त्यांच्या पत्नी सरोजबेनही होत्या. मी जे जे वाचलं, त्यात सरोजबेनचं नाव एवढ्या एका ओळीपुरतं येतं. ती ओळ वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसून राहिले.

पुढे ठिकठिकाणी पंचायती मरगळल्या, निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. बलवंतरायांची शिफारस सरकारच्या मर्जीवर होती ना! ती मर्जी संपवली 73 व्या घटनादुरुस्तीनं. 24 एप्रिल 1993 पासून पंचायती घटनेनं बांधलेल्या झाल्या आणि एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या, त्याही निवडून येण्याच्या. 2011 मध्ये महाराष्ट्रानं ते निम्म्यावर नेलं. पाहुणीचा पाट गेला, घरधनीणीचा आला.

पण पाट मिळाला तरी ताट दुसराच ओढून घेत असेल तर? शिबिरात मागच्या बाकांवर बसलेले नवरे आठवा. बलवंतरायांनी साहेबाच्या हातातली किल्ली गावाला द्यायला सांगितली. गावातून ती बाईच्या हातात यायला इतकी वर्षं लागली. आता ती पुन्हा नवऱ्याच्या खिशात जाऊ द्यायची का, हे आपणच ठरवायचं आहे.

त्या सदस्येला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, हेही सांगितलं. परवा तिचा फोन आला. महिला सभेला तेवीस जणी जमल्या होत्या. पाणीपट्टीच्या हिशेबाची वही तिनं ग्रामसेवकाकडे मागितली, आणि त्या दिवशी नवऱ्याला तिनं घरीच ठेवलं होतं.