आमच्या दवाखान्यात न आलेल्या डॉक्टरीणबाई

मागच्या महिन्यात लेकीला घेऊन कळंब्याहून केएमटीनं सीपीआरला गेले. लेक नववीत. वर्गात कुणीतरी जाडी म्हणालं आणि पोरीनं भाकरीच सोडली. डबा तसाच परत यायचा. दोन महिने पाळी नाही, तेव्हा माझे डोळे उघडले. रागावले, शपथा घातल्या, कशाचा उपयोग नाही. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, ताई, तुम्ही जरा बाहेर बसा, मी तिच्याशी बोलते. खरं सांगते, मला रागच आला. आईपासून काय लपवायचं?

बाहेर बाकावर बसल्यावर मग आठवलं. सीपीआर म्हणजे पूर्वीचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. तिथल्या बायकांच्या विभागाची जबाबदारी १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशींना दिली होती. त्यांचं नाव आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण त्या किती लहान होत्या, हे कुठं लक्षात घेतो?

३१ मार्च १८६५ चा त्यांचा जन्म. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, बिजवर आणि वयानं वीसेक वर्षांनी मोठा. त्या काळात बायकोनं शिकलंच पाहिजे म्हणणारा माणूस विरळाच! पण धाकही तसाच. अभ्यास केला नाही म्हणून त्या पोरीनं मार खाल्ला. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी नवऱ्याला त्याची आठवण करून दिली. शिकायला मिळालं हे भाग्य, पण तिला काय हवं ते कुणी विचारलं नव्हतं.

चौदाव्या वर्षी ती बाळंत झाली. मुलगा दहा दिवसांनी गेला. चौदा म्हणजे माझ्या लेकीएवढीच हो! या वयात मुलीचं स्वतःचंच अंग भरत असतं. कंबरेची हाडं पुरती वाढलेली नसतात, अंगात रक्त कमी असतं. त्यात बाळंतपण आलं की आई आणि मूल दोघांच्याही जिवाला धोका. आणि दुखलं-खुपलं तर सांगायचं कुणाला? पुरुष डॉक्टरासमोर बायका तोंड उघडत नसत. बाईला बाईच डॉक्टर हवी, हे आनंदीबाईंनी अनुभवानं ओळखलं. २४ फेब्रुवारी १८८३ ला बंगालमधल्या श्रीरामपूरला भर सभेत उभं राहून त्यांनी तेच सांगितलं. वय अठराही पुरं नव्हतं.

अमेरिकेला जायच्या बेतात आपलं कोल्हापूरही आहे बरं का. गोपाळरावांची बदली इथं झाली होती आणि इथंच मिशनऱ्यांशी त्यांच्या ओळखी झाल्या. न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी गोपाळरावांचं पत्र एका मासिकात वाचलं आणि आनंदीबाईंना आपल्या घरी बोलावलं. त्या एप्रिल १८८३ मध्ये नवऱ्याविना बोटीत बसल्या. फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदू बायकांची बाळंतपणं!

पण तिथली कडाक्याची थंडी, परकं खाणं. लुगडं आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. मुळातच नाजूक तब्येत ढासळत गेली, क्षय झाला. इतरांची दुखणी शिकताना स्वतःच्या अंगाकडं बघायचं राहिलं की काय, असं मनात येतं. आपणही तेच करतो ना? सगळ्यांना वाढून उरेल ते खायचं.

१८८६ च्या अखेरीस त्या परत आल्या. कोल्हापूरची नोकरी वाट बघत होती, पण रुजू व्हायला त्या आल्याच नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीसही पुरी नव्हती.

मुलीच्या संमतीचं वय तेव्हा कायद्यानं दहा होतं. १८९१ साली ते बारा झालं. लग्नासाठी अठराची अट यायला १९७८ उजाडलं. आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींच्या तब्येतीसाठी सरकारनं वेगळा कार्यक्रम काढला तो २०१४ साली. मुलांना एकट्यानं बोलता यावं, बोललेलं बाहेर फुटू नये, ही त्यातली मोठी गोष्ट. जिवाला धोका असेल तर मात्र डॉक्टर घरच्यांना सांगतात.

वीस मिनिटांनी दार उघडलं. लेकीचे डोळे लाल होते, पण खांदे मोकळे वाटले. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं ते एवढंच. ताटावर बसल्यावर तिच्या वजनाचा विषय काढू नका, सगळ्यांनी एकत्र जेवा आणि पंधरा दिवसांनी परत या.

आता मीही सगळ्यांबरोबरच जेवायला बसते. काल तिनं अर्धी भाकरी खाल्ली. आत काय बोलणं झालं ते मी अजून विचारलेलं नाही. जीभ वळवळते, पण आवरते.